दिवस भरण्याआधीच कळा का सुरू होतात?

'सातव्या महिन्यातलं लेकरू जगते, आठव्यातलं नाही' ही समजूत विदर्भातल्या खेड्यांत अजूनही ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. पोटात जास्तीचा मिळालेला एकेक आठवडा बाळाची फुप्फुसं आणि मेंदू पक्के करतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे अकाली जन्म. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतात.

पुष्कळदा नेमकं कारण सापडत नाही. पण एक कारण बाईला जाणवत असतं आणि लाजेपायी ती बोलत नाही: जंतुसंसर्ग. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास मांडला. शंभरातल्या ९२ बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ! या सगळ्या काही गर्भवती नव्हत्या, पण गरोदरपणात असं दुखणं अंगावर काढणं महागात पडू शकतं. योनीतले किंवा लघवीच्या मार्गातले जंतू वर सरकले की शरीर त्यांच्याशी लढू लागतं, सूज येते. त्या लढाईत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. बाळंतपणाच्या कळा आणणारी रसायनं हीच. गर्भपिशवीचं तोंड मऊ पडतं, पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, कमजोर होते. गरोदरपणी थोडं पांढरं जाणं स्वाभाविक आहे. पण वास, खाज, लघवीला जळजळ असेल तर आशाताईला सांगायलाच हवं. लघवीची तपासणी तर काही त्रास नसतानाही करून घ्यावी.

दुसरी गोष्ट खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटून केलेला हा खर्रा बायाही खातात, कधी भूक मारायला. निकोटीनमुळे वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी पडतं. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्या आजारात धोका वाढतो, म्हणून ती तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. मे महिन्यात ४५ अंशांत तेंदूपत्ता तोडणाऱ्या पोटुशीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तीव्र उष्णतेचा अकाली प्रसूतीशी असलेला संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे.

आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं, जुळं, वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, कोवळं वय, दोन बाळंतपणांत कमी अंतर यांनीही धोका वाढतो.

दिवस भरायच्या आत राहून राहून पोट कडक होणं, कंबर भरून येणं, पाणी किंवा रक्त जाणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. ३४ आठवड्यांच्या आत वेळेवर दवाखान्यात पोचलेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात आणि बाळाची फुप्फुसं जन्माआधी तयार व्हायला मदत होते.