जुनाट आजार व वेदनांमधील पथ्याहार

वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या, औषधांनी आटोक्यात येणाऱ्या पण सहसा मुळापासून न जाणाऱ्या आजारांत त्रास कमी राहावा म्हणून खाण्यापिण्यात जाणीवपूर्वक केलेले बदल म्हणजे पथ्याहार. काढे, लेप, तेले, वनस्पतींचे अर्क असे ‘नैसर्गिक’ म्हणवले जाणारे उपाय बहुधा त्याच्या जोडीने येतात, म्हणून दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, सांध्यांचे विकार, अर्धशिशी आणि आतड्यांच्या तक्रारी ही त्यांची नेहमीची क्षेत्रे होत. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल २०२२ पासून) तिला स्वतंत्र स्थान मिळाले. तोवर ती प्रामुख्याने दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षण म्हणूनच मोजली जाई.

आहाराने आजार बरा होतो का, असे मोघम विचारले तर उत्तर देता येत नाही. आजार कोणता आणि अन्नाचा त्याच्याशी संबंध कोणत्या वाटेने येतो, यावर सगळे अवलंबून आहे. मोजक्या आजारांत पथ्य हेच औषध असते, बऱ्याच आजारांत ते औषधाचा भार हलका करते आणि काहींत त्याचा उपयोग अगदीच थोडा. या तीन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, त्यामुळे पथ्याचे फाजील कौतुक करणारे आणि त्याला हसणारे असे दोन्ही पक्ष आपापल्या जागी खूश राहतात.

ग्रीक, चिनी आणि आयुर्वेदीय या तिन्ही जुन्या परंपरांनी आहाराला उपचारात मानाचे स्थान दिले. (‘अन्न हेच तुझे औषध असो’ हे हिपॉक्राटीझच्या नावावर खपणारे वचन त्याच्या नावे असलेल्या ग्रंथसंग्रहात सापडत नाही, आहाराची चर्चा मात्र त्यात भरपूर आहे.)

पथ्य हेच औषध : सीलिअ‍ॅक विकारात गहू, बार्ली व राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. विल्लेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा या विकाराची मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ढासळली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात हे सविस्तर मांडले. आजही ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच या विकाराचा उपचार आहे. फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारात फेनिलअ‍ॅलनीन (प्रथिनांतील एक घटक) अत्यल्प असलेला आहार हॉर्स्ट बिकेल व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये यशस्वीपणे वापरून दाखवला. जन्मल्याबरोबर निदान होऊन तो सुरू झाला तर बाळाच्या मेंदूची हानी टळते. औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या अपस्मारात भरपूर स्निग्ध व अत्यल्प पिष्टमय पदार्थांचा कीटोजनिक आहार १९२१ पासून वापरात आहे, मात्र तो रुग्णालयाच्या देखरेखीखालीच.

याच्या उलट टोकाचे उदाहरण टाइप १ मधुमेहाचे. इन्सुलिन येण्यापूर्वी या मुलांना फ्रेडरिक अ‍ॅलन या अमेरिकन डॉक्टरांच्या पद्धतीने जवळजवळ उपाशी ठेवले जाई. त्याने मरण लांबे, टळत नसे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले आणि पथ्य औषधाच्या जोडीला गेले. इन्सुलिन सोडून फक्त आहारावर राहण्याचा सल्ला या रुग्णांसाठी जीवघेणा आहे.

भार वाटून घेणारा आहार : आहाराचा सर्वांत भक्कम पुरावा येथे आहे. डॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन चाचणीत (१९९७) ४५९ प्रौढांना आठ आठवडे ठरावीक जेवण दिले. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ वाढवले, मीठ आणि वजन मुद्दाम बदलू दिले नाही. तरीही वरचा रक्तदाब तुलना-गटापेक्षा सरासरी ५.५ मिलिमीटरने आणि आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांत ११.४ मिलिमीटरने उतरला. हा दुसरा आकडा रक्तदाबाच्या एखाद्या गोळीच्या तोडीचा आहे.

टाइप २ मधुमेहात डायरेक्ट या ब्रिटिश चाचणीने (२०१७) बरेच समज मोडले. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा द्रवाहार देण्यात आला, मग नेहमीचे अन्न हळूहळू परत आणले. वर्षअखेर त्यांतील ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त पातळीत होते. तुलना-गटात हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरलेल्यांत ते ८६ टक्के निघाले. गुण कोणा एका पदार्थाचा नव्हता, उतरलेल्या वजनाचा होता. दुसऱ्या वर्षअखेर आकडा ३६ टक्क्यांवर आला. वजन परत चढले की साखरही परत येते, आणि चढू न देणे हेच यातले सर्वांत अवघड काम.

गुडघ्याच्या झिजेतही वजनाचाच हिशेब आहे. शरीराचे एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. त्यामुळे पाच-सात किलो उतरले तरी जिना चढताना फरक जाणवतो. आहाराला व्यायामाची जोड दिली तर दोहोंपैकी एकट्यापेक्षा वेदना अधिक कमी होतात.

दाह, आतडे आणि डोकेदुखी : ऱ्हुमॅटॉइड संधिवातात माशांच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले दिवसाला सुमारे ३ ग्रॅम या मात्रेत काही महिने घेतल्यास सांध्यांचा ताठरपणा व वेदनाशामकांची गरज थोडी घटते. नॉर्वेतील १९९१ च्या एका चाचणीत आठवडा-दीड आठवड्याच्या उपवासानंतर वर्षभर शाकाहार पाळलेल्यांना उतार पडला होता. मात्र सांध्याची हाडे झिजण्याचे थांबवणारी औषधे वेगळी आहेत, आणि ती सुरुवातीच्या महिन्यांतच मिळावी लागतात. तो काळ केवळ पथ्यावर घालवला तर पुढे सांधे वाकडे होतात, ते सरळ होत नाहीत.

अर्धशिशीसाठी अमेरिकेत १८२ जणांवर १६ आठवडे चाललेल्या चाचणीत (२०२१) मासे वाढवून आणि लिनोलेइक आम्ल (सोयाबीन, मका यांच्या तेलांतील एक स्निग्धाम्ल) जास्त असलेली तेले कमी करून महिन्यातील डोकेदुखीचे दिवस तुलना-गटापेक्षा सुमारे चारने घटले. त्याच लोकांच्या दैनंदिन जगण्यावरील परिणामाच्या प्रश्नावलीत मात्र तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र सांगायला हवेत.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये (आयबीएस) मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार वापरतात. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, दूध, सफरचंद यांतील काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पुढे आंबतात आणि पोट फुगते, दुखते. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ वगळायचे, मग एकेक परत आणून कोणता बाधतो ते पाहायचे आणि उरलेले पुन्हा खाऊ लागायचे, अशी त्याची रीत आहे. पुष्कळ जण पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि वर्षानुवर्षे अर्धपोटी, सावध जगतात. हे पथ्य तसे पाळण्यासाठी केलेलेच नाही.

गुण कशाचा? : दीर्घकालीन वेदना सरळ रेषेत चालत नाही. ती उचल खाते, ओसरते, पुन्हा उचल खाते. माणूस नवा उपाय सुरू करतो तो दुखणे अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे ते आपोआप ओसरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तेव्हाच. आठवड्याभरात उतार पडतो आणि श्रेय त्या काढ्याला किंवा सोडलेल्या पदार्थाला जाते. सांगणारा खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच बरे वाटलेले असते. म्हणूनच अनुभवकथनांचा ढीग कितीही मोठा झाला तरी त्यातून उपाय सिद्ध होत नाही.

अपेक्षेचा परिणामही खराच असतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ‘यात औषध नाही’ असे स्पष्ट सांगून आयबीएसच्या रुग्णांना गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला, गोळ्या न मिळालेल्यांत ३५ टक्क्यांना. घरच्या घरी तपासायचे तर एका वेळी एकच बदल करावा, काही आठवडे वेदनेची रोजची नोंद ठेवावी आणि नंतर तो पदार्थ मुद्दाम परत खाऊन पाहावा. ही शेवटची पायरी कोणाला नकोशी असते, पण पुरावा तिच्यातच असतो. (पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी आलेला पदार्थ असा परत खाऊन पाहू नये.) पाच पदार्थ एकदम सोडले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

वनस्पतिजन्य उपाय : वेदनेवरच्या औषधांचा मोठा वाटा वनस्पतींतूनच आला. एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो झाडाच्या सालीचा तापावरील उपयोग १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवला. १८२८ मध्ये सालीतून सॅलिसिन वेगळे झाले आणि त्या धाग्यातून १८९७ मध्ये अ‍ॅस्पिरिन. गाऊट या सांधेदुखीवरचे कोल्चिसीनही एका फुलझाडाचे, आणि जास्त मात्रेत जीव घेणारे. मिरचीतील कॅप्सेसिन वेदना-चेतांच्या टोकांवरील ज्या ग्राहीला चेतवते तो डेव्हिड जुलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. त्यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. नागीण बरी झाल्यावर मागे उरणाऱ्या वेदनेवर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात. ती आधी आग करते, मग चेतांची टोके काही आठवडे बधिर होतात.

हळदीबाबत गल्लत फार होते. तिच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते आणि तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही. गुडघेदुखीवरील बऱ्याच चाचण्या जेवणातल्या हळदीच्या नसून संहत अर्काच्या आहेत. त्यांत थोडा लाभ दिसतो, पण चाचण्या लहान आहेत. शोषण वाढावे म्हणून मिरीतील पिपरिन घातलेल्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत. ग्लुकोसामीन या सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक गोळीची १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवरील मोठी चाचणी (२००६) एकंदरीत निष्फळ ठरली, तरी त्याचा खप ओसरला नाही.

धोके : ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची जात मिसळली गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. सांधेदुखीच्या ‘वनौषधी’ चूर्णांत स्टेरॉइड लपवून घातल्याची प्रकरणे जगभर सापडतात. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर संशय घ्यावा. अशा चूर्णाने चेहरा सुजतो, साखर चढते, आणि ते एकाएकी बंद केल्यास शरीर कोलमडू शकते.

औषधांशी होणारा झगडा त्याहून नित्याचा. सेंट जॉन्स वर्ट या उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीमुळे गर्भनिरोधक गोळ्या व प्रत्यारोपणानंतरची औषधे निकामी ठरू शकतात. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो, पोटॅशिअम उतरते. ग्रेपफ्रूटमुळे काही औषधांची रक्तातील मात्रा भलतीच वाढते. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याने पालेभाज्या सोडायच्या नसतात, त्यांचे प्रमाण मात्र रोज सारखे ठेवायचे असते. रक्तदाबाला हितकर असलेली फळे आणि भाज्या मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या माणसाला पोटॅशिअममुळे घातक ठरू शकतात. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे पर्यायी मीठही त्याला चालत नाही. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याला बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावेच लागते. वृद्धांत अति पथ्यामुळे स्नायू झिजतात. लसूण, गिंको (एक चिनी वृक्ष) यांच्या अर्काच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरली की त्या साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. अशा गोळ्या घेत असल्याचे रुग्ण बहुधा आपणहून सांगत नाहीत, कारण त्या औषधात मोडतात असे त्यांना वाटतच नाही.