प्रवाळटाकीतील पाणीबदल

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळताना ठरावीक काळाने काही पाणी काढून तेवढेच ताजे, योग्य खारटपणाचे पाणी घालण्याची क्रिया. आठवड्याला १० टक्के किंवा पंधरवड्याला १५ ते २० टक्के हा सर्वसाधारण प्रघात. कोकण किनाऱ्यावर समुद्र दाराशी असल्याने हे काम सोपे वाटते. खरे तर तिथे ते जास्त जपून करावे लागते.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट, आणि त्याच्या जोडीला फॉस्फेट, टाकीत साचत राहते. प्रवाळ मात्र सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलत असतात. पाणी बदलल्याने साचलेले विरळ होते आणि खर्ची पडलेले थोडेफार भरून येते.

किती दिवसांनी बदलायचे, हे टाकीच्या नोंदवहीवरून ठरवावे. समजा नायट्रेट आठवड्याला ४ पीपीएमने (दहा लाख भागांत ४ भाग) वाढते. दर आठवड्याला १० टक्केच पाणी बदलले, तर ते वाढत वाढत ४० पीपीएमच्या आसपास स्थिरावते; २० टक्के बदलले तर २० पीपीएमच्या आसपास. म्हणजे खाद्य जास्त पडत असेल तर नुसत्या पाणीबदलाने भागत नाही. खाद्य कमी करणे आणि स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) नीट चालवणे हाच खरा उपाय. तरीही महिन्यातून एकदाच निम्मी टाकी रिकामी करण्यापेक्षा थोडे-थोडे, न चुकता बदललेले पाणी केव्हाही चांगले. क्षारतेत किंवा अल्कलिनिटीत (पाण्याच्या आम्ल झेलण्याच्या क्षमतेत) एकदम फरक पडला की प्रवाळ मिटून घेतात, कधी त्यांच्या ऊती गळून पांढरा सांगाडा उघडा पडतो. अमोनिया वाढला किंवा विषारी काही पाण्यात पडले, तरच एका वेळी ३० ते ५० टक्के पाणी बदलावे. कठीण प्रवाळांनी भरलेल्या टाकीत कॅल्शियमची भूक पाणीबदलाने भागत नाही. तिथे चुन्याची निवळी थेंबथेंब सोडण्यासारखे वेगळे उपाय लागतात.

समुद्राचे पाणी वापरायचे झाल्यास जागा आणि वेळ पाहावी लागते. टाकीला दर हजारी सुमारे ३५ भाग क्षारता हवी. पावसाळ्यात खाड्यांतून लोटणारे गोडे पाणी आणि गाळ यांमुळे किनाऱ्याजवळचा खारटपणा खूप उतरतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात हे पाणी घेऊ नये. एरवीही खाडीचे तोंड, बंदर आणि जेटी टाळून खडकाळ किनाऱ्यावर भरतीच्या वेळी पाणी भरावे. उधाणाला पाणी ढवळून गढूळ होते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीच्या, दिवसांत ते त्यामानाने निवळ मिळते. घरी आणल्यावर गाळून, क्षारता मोजूनच वापरावे.

बहुतेकांना मिश्रण-मिठाचाच, म्हणजे गोड्या पाण्यात विरघळवून समुद्रासारखे पाणी करण्याच्या तयार मिठाचाच, मार्ग बरा पडतो. २०० लिटरच्या टाकीचा १० टक्के बदल म्हणजे २० लिटर पाणी आणि साधारण ७०० ग्रॅम मीठ. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार योग्य प्रमाणात नसतात. पाणी आरओ-डीआयचे, म्हणजे गाळून क्षार पूर्ण काढलेले, घ्यावे. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. बादलीत छोटा पंप सोडून मीठ पूर्ण विरघळू द्यावे, तापमान टाकीइतके आणावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) थेंब टाकून पाहावे. कोकणच्या दमट हवेत उघडे राहिलेले मीठ ओलावा धरून दगडासारखे होते, त्याची रासायनिक घडीही बिघडते. ते घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावे.

बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भर म्हणजे पाणीबदल नव्हे. वाफ होऊन पाणी जाते, मीठ मागे राहते. ही भर गोड्या पाण्यानेच घालायची. खारे घातले तर क्षारता चढत जाते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने ही भर कमी लागते, म्हणून रोजच्या मापाने न ओतता पातळीची खूण पाहून ओतावे.

पाणी काढताना नळीचे टोक खडकांच्या फटींत फिरवून साचलेला गाळ ओढून घ्यावा. काढलेले पाणी मात्र समुद्रात किंवा खाडीत ओतू नये. त्यातून परके शैवाल, जंतू आणि रोग जाऊ शकतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात नैसर्गिक प्रवाळ आहेत. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने टाकीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणे गुन्हा आहे.