नाशिकमध्ये झाडछाटणी आणि आवार-सफाईचा व्यवसाय: नोंदणी कुठे, परवानगी कोणाची, कागद कोणते

नाशिकमध्ये ‘झाडछाटणीचं लायसन्स’ असा एकच कागद मिळत नाही. व्यवसायाची नोंदणी एका ठिकाणी होते आणि प्रत्येक झाडाची परवानगी दुसऱ्या ठिकाणी, दर वेळी नव्याने घ्यावी लागते. उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्र आणि शॉप अॅक्टची पावती हातात आहे म्हणून कोणाच्या बंगल्यातला गुलमोहर आडवा केला, तर गुन्हा दाखल होताना त्या दोन्ही कागदांचा काही उपयोग होत नाही. नव्याने धंदा सुरू करणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात.

व्यवसायाची नोंदणी

हा भाग सोपा आहे. उद्यम नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर पूर्णपणे मोफत होते. एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. आधार, पॅन, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँक खात्याचा तपशील एवढंच लागतं. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून आधी ते दुरुस्त करून घ्या. व्यवसायाचा प्रकार ‘सेवा’ निवडा. एनआयसी म्हणजे व्यवसायाचा प्रकार दाखवणारा कोड. त्यातला 81300 हा बागेची निगा आणि देखभाल यासाठी आहे, तर पालापाचोळा उचलून नेण्यासाठी 38110, म्हणजे घातक नसलेल्या कचऱ्याचं संकलन. दोन्ही टाका. नंतर सोसायटीची किंवा कंपनीची निविदा भरताना दोन्ही कामं प्रमाणपत्रावर दिसलेली बरी.

शॉप अॅक्टखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नव्हे, फक्त सूचना द्यायची असते. काम सुरू केल्यापासून 60 दिवसांत ती ‘आपले सरकार’ पोर्टलवरून देता येते. आधार, पॅन, पत्त्यासाठी लाईट बिल किंवा भाडेकरार, स्वयंघोषणापत्र आणि पाटीसह जागेचा फोटो तयार ठेवा. घराचा पत्ता चालतो. पाटी मात्र मराठीत, देवनागरीत हवी.

व्यवसाय कराची नावनोंदणी (पीटीईसी) राहून जाते. वर्षाला 2,500 रुपये, 30 जूनपर्यंत. पगारी माणसं ठेवली आणि त्यांचा पगार कराच्या कक्षेत आला, तर पगारातून हा कर कापण्यासाठी मालक म्हणून वेगळी नोंदणी (पीटीआरसी) घ्यावी लागते. जीएसटी सेवा व्यवसायाला वार्षिक 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही, पण सातपूर-अंबडमधले कारखाने जीएसटी नंबर असलेल्यालाच काम देणं पसंत करतात. गिऱ्हाईक कोण असणार, हे बघूनच त्याचा निर्णय घ्या.

झाडाची परवानगी: अर्ज मालकाचा, जबाबदारी तुमचीही

शहराच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे शेंडा उडवणं, बुंध्याची साल गोलाकार सोलणं, मुळाशी ॲसिड ओतणं हीसुद्धा तोडच. दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे. ‘मालकाने सांगितलं म्हणून कापलं’ हा बचाव चालत नाही. करवत ज्याच्या हातात, तोही आरोपी होतो.

लॉन कापणं, कुंपणाची मेंदी छाटणं, पाला गोळा करणं, नारळाच्या वाळलेल्या झावळ्या काढणं, मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत उपटणं या कामांना परवानगी लागत नाही. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षभर पुरेल इतकं काम यातच आहे.

झाडाला हात लावायचा असेल तर नाशिक महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. शहराचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. झाड ज्या विभागात, त्या विभागाच्या कार्यालयातून पाहणी होते. अर्जावर सही जागामालकाची लागते, ठेकेदाराची नाही. सोसायटी असेल तर अध्यक्ष किंवा सचिवांची सही आणि सोबत कमिटीचा ठराव. सातबाऱ्यावर चार वारस असतील तर चौघांची संमती घ्या. एकाच्याच सहीवर काम केलं की उरलेल्यांपैकी कोणीतरी तक्रार करतोच. झाड दोन प्लॉटच्या सामाईक भिंतीवर असेल तर दोन्ही मालकांची सही हवी. आणि कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याकडेला असलेलं झाड महापालिकेचं. त्याची फांदी घरावर येत असली तरी तिथे तुम्ही काम घ्यायचंच नाही. मालकाने महापालिकेकडे अर्ज द्यावा.

अर्जासोबत मालकीचा पुरावा (सातबारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा घरपट्टीची पावती), मालकाचं ओळखपत्र, जागेचा कच्चा नकाशा आणि झाडाचे फोटो जोडा. बांधकामासाठी झाड काढायचं असेल तर मंजूर नकाशाही लागतो. फोटो तीन तरी हवेत: पूर्ण झाड, त्यातला दोष जवळून, आणि घर-तारा-झाड एकत्र दिसतील असा एक. झाडाची जात, संख्या आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे 1.37 मीटरवर मोजलेला घेर लिहा.

बहुतेक अर्ज कारणाच्या रकान्यात कच्चे पडतात. ‘पाला पडतो, त्रास होतो’ असं लिहिलं तर पाहणीला आलेला निरीक्षक काय बघणार? त्याऐवजी असं लिहा: ‘पश्चिमेकडची एक फांदी जमिनीपासून 5 मीटरवर पत्र्याला टेकली आहे, घेर 40 सेंटिमीटर, बुंध्यापासून वेगळी करायची आहे.’ जी फांदी काढायची तिच्यावर पाहणीआधी खडूने किंवा रंगीत फितीने खूण करून ठेवा. निरीक्षक आला तेव्हा घरी कोणी नाही आणि कोणती फांदी ते कळत नाही, एवढ्यावरून अर्ज आठवडे लांबतो.

पूर्ण झाड काढायचं असेल तर वृत्तपत्रात सूचना, झाडावर नोटीस आणि हरकतींसाठी मुदत असा टप्पा असतो, त्यामुळे वेळ जातो. मेलेलं, किडलेलं, वाऱ्याने पडलेलं किंवा जीविताला धोका असलेलं झाड असेल तर कायदा अर्जदाराच्या बाजूने झुकतो, पण ते फोटोंवरून दिसायला हवं. 50 वर्षांहून जुनं झाड 2021 च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं. गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांमधली वड, पिंपळ, उंबराची झाडं बघायला गेलात की हा मुद्दा आधी तपासा. त्याच दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी झाडं लावावी लागतात. 15 वर्षांच्या झाडामागे 15. ही रोपं कोण आणणार, कुठे लावणार, कोण जगवणार, हे दरपत्रकातच लिहून घ्या. नाहीतर हा खर्च ठेकेदाराच्या गळ्यात पडतो.

परवानगीचं पत्र हातात आलं की त्यातली क्रियापदं नीट वाचा. ‘छाटणी’ आणि ‘तोड’ यांत फरक आहे, आणि संख्या व मुदतही त्यातच असते. काम करताना प्रत सोबत ठेवा. कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, तपोवनातली झाडं काढण्याला 2025 च्या अखेरीस नाशिककरांनी जो विरोध केला, त्यानंतर करवतीचा आवाज आला की शेजारी लगेच विचारायला येतात. त्यांनी विचारावंच. पत्र दाखवा आणि मगच पुढचा घाव घाला.

पावसाळ्यापूर्वीची घाई एप्रिल-मेमध्ये सुरू होते. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच टाकलेला असला तरच ते काम हाती लागतं. आणि बगळ्यांची घरटी असलेल्या झाडाला पावसाळ्यात हात लावू नका. वन्यपक्ष्यांची अंडी-घरटी नष्ट करणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे, आणि उद्यान विभागाचं पत्र त्यातून सोडवत नाही.

हद्द बदलली की कार्यालय बदलतं

देवळाली कॅम्पातलं काम असेल तर छावणी परिषदेकडे जावं लागतं. गिरणाऱ्यासारख्या महापालिकेबाहेरच्या गावात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, खैर, चंदन अशा जाती येतात. तिथे परवानगी वनविभागाच्या वाटेने मिळते, आणि लाकूड हलवायचं तर वाहतूक परवाना लागतो का, हे गाडी भरायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. चंदनाचं झाड दिसलं तर लेखी परवानगीशिवाय त्याच्या खालचा पालाही उचलू नका.

कचरा कुठे टाकणार?

घंटागाडी फांद्या घेण्यासाठी नाही. घनकचरा नियमांनुसार बागेचा कचरा वेगळा ठेवून महापालिकेच्या सूचनेप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावायची असते. पाथर्डीच्या खत प्रकल्पावर ठेकेदाराच्या गाडीतला माल घेतला जाईल का आणि किती शुल्क पडेल, हे घनकचरा व्यवस्थापन विभागाकडून लेखी घ्या, मगच ग्राहकाला दर सांगा. नासर्डी, वालदेवी किंवा गोदावरीच्या काठावर फांद्या ओतणं आणि प्लॉटवर पाला पेटवणं हे दोन्ही बंद. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000 रुपये भरावे लागतात.

छोटा हत्ती (छोटा टेम्पो) वजनाने भरत नाही, आकाराने भरतो. आख्ख्या फांद्या टाकल्या तर निम्मी गाडी हवाच वाहते. चार-चार फुटांचे तुकडे करून, जाड लाकूड खाली आणि पाला वर असा थर लावा, आणि वरून जाळी किंवा ताडपत्री बांधा. सुका पाला द्राक्षबागांना आच्छादनासाठी चालतो. गाजरगवत मात्र त्यात मिसळू देऊ नका. फुलावर आलेलं गाजरगवत बागेत गेलं की बी तिथे पसरतं.

गाडी, वीज आणि माणसं

3,000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस, पीयूसी, विमा आणि व्यावसायिक नोंदणी लागतेच. चालकाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. 7,500 किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनासाठी तो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

तारेजवळची फांदी असेल तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज देऊन वाहिनी बंद करून घ्या. ओली फांदी आणि ॲल्युमिनियमची शिडी, दोन्हींतून वीज वाहते. लाईनमन प्रत्यक्ष जागेवर येऊन ‘बंद आहे’ म्हणेपर्यंत कोणी चढू नये.

जड फांदी एका दमात वरून कापली की ती अर्धवट तुटून बुंध्याची साल खाली सोलत नेते. म्हणून तीन काप घ्या. पहिला बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून आरपार. फांदीचं वजन असं उतरलं की तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर. ते कडं कापलं तर जखम भरत नाही आणि आतून कूज सुरू होते.

चढणाऱ्या माणसांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या आणि तिच्यात उंचीवरचं काम येतं, हे शब्दांत लिहिलेलं आहे ना, ते बघा. ग्राहकाची गाडी किंवा शेजाऱ्याचं छप्पर फुटलं तर त्यासाठी त्रयस्थ दायित्वाचा विमा वेगळा असतो. प्रत्येक कामगाराच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढा. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. आवार साफ करताना साप निघाला तर मारू नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनला फोन करा.

भांडवल

करवत, पोल-प्रूनर (लांब दांड्याची छाटणी-कात्री), दोर, हार्नेस आणि हेल्मेट यांच्यासाठी मुद्रा योजनेतलं शिशू (50,000 रुपयांपर्यंत) किंवा किशोर (5 लाखांपर्यंत) कर्ज पुरतं. गाडी आणि फांद्या चिरडणारं यंत्रही घ्यायचं असेल तर पीएमईजीपीकडे (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) बघा. सेवा व्यवसायासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प, आणि 5 लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास असणं आवश्यक. अनुदान प्रवर्ग आणि जागेनुसार 15 ते 35 टक्के. अर्ज ऑनलाईन भरल्यावर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. प्रकल्प अहवालात यंत्रांची कोटेशनं जोडलेली नसतील तर बँक फाईल परत पाठवते.

फांद्या चिरडणारं यंत्र पहिल्याच वर्षी घेऊ नका. आधी वर्षभर भाड्याने आणा, महिन्याला किती गाड्या माल निघतो ते वहीत लिहा, आणि तो आकडा घेऊनच बँकेत जा.