शीत आणि शीन

डिसेंबरात पुण्याचा पारा १०-११ अंशांवर उतरला, की तुपाच्या बरणीत चमचा जागच्या जागी उभा राहतो. जोर केला तर चमचाच वाकतो. "अरे, थिजलंय ते! बरणी गरम पाण्यात ठेव," आई आतून ओरडते.

या थिजण्यासाठी पाणिनीनं अष्टाध्यायीत एक अख्खं सूत्र दिलंय : 'द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः' (६.१.२४). द्रवमूर्ती म्हणजे पातळ पदार्थ घट्ट होणं. धातू 'श्यै'. नुसतं गार लागत असेल तर त्याचं रूप 'शीत'. पातळाचं घट्ट झालं असेल तर 'शीन'. अष्टाध्यायीवरच्या काशिकावृत्ती या टीकेत उदाहरण काय, तर 'शीनं घृतम्', थिजलेलं तूप! 'त'चा 'न' झाला की गार वारा एकीकडे, घट्ट तूप दुसरीकडे. शीत मराठीत रुळला, शीन संस्कृतातच राहिला. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, त्यात तो सापडेल म्हणावं तर छापील खंड अजून 'अ'तच आहेत. 'श'ची वाट आपली नातवंडं बघतील.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हीच जोडी आहे. लॅटिनमध्ये 'गेलू' म्हणजे कडाक्याची थंडी. त्यातून 'जेली' आली, आणि 'कोल्ड' तिचा लांबचा भाऊबंद.

गारठा आणि घट्टपणा यांचं हे नातं तुपापुरतं अगदी खरं. तुपातल्या संपृक्त मेदाम्लांच्या (सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड) साखळ्या सरळ असतात. गार झाल्या की काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात. असंपृक्त साखळ्या वाकड्या, त्या रचनेत नीट बसत नाहीत. दोन्हींची सरमिसळ असल्यामुळे तूप पाण्यासारखं एका ठराविक अंशाला गोठत नाही, हळूहळू आळत जातं. सावकाश गार होऊ दिलं तर स्फटिक मोठे होतात आणि तूप रवाळ होतं. तापवलं की पुन्हा पातळ.

रक्ताचं तसं नाही. बोट कापलं की ते ३७ अंशांच्या उबेतच साकळतं. फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे होतात, त्यांची जाळी विणली जाते आणि पेशी तिच्यात अडकतात. ही गाठ गरम करून पुन्हा रक्त होत नाही. मराठी कान इथे पक्का आहे : तूप थिजतं, रक्त साकळतं; उलटसुलट सहसा कुणी म्हणत नाही. 'गोठणं' तेवढं पाण्यालाही चालतं आणि रक्तालाही.

आणि दही? ते तर थंडीत लागतच नाही. म्हणून आई विरजणाचं भांडं कणकेच्या डब्यात दडवते. उबेत जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, दुधाचा सामू (pH, आम्लतेचं माप) ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन एकत्र येऊन घट्ट बसतं. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर जे 'कोॲग्युलेशन' लिहिलेलं असतं, त्याचं मूळही इथलंच : लॅटिन 'कोआगुलुम', म्हणजे चीज करताना दूध घट्ट करायला घालतात ते रेनेट.