क्रँकशाफ्टचा पीळ

गावाकडच्या जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली, की मी एका क्षणाची वाट बघायचो. गाडी वेग घ्यायची आणि एका ठरावीक वेगाला खिडकीची काच थडथडायला लागायची. काचेवर बोट टेकवलं तर ते मनगटापर्यंत झिणझिणायचं. ड्रायव्हरने पाय आणखी दाबला, की काच एकदम गप्प. इंजिनाचा आवाज वाढलेला, वेग वाढलेला, तरी काच शांत.

कारण सोपं आहे. प्रत्येक वस्तूचा थरथरण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. इंजिनाचे हादरे त्या ठेक्यावर पडले, की थरथर वाढत जाते. ठेका चुकला, की ती विरते. काचेच्या बाबतीत याचा फक्त कानांना त्रास. हेच इंजिनाच्या पोटात घडलं तर पोलादी दांडा तुटतो.

‘रोल्स-रॉइस’ मोटारींमधला रॉइस, म्हणजे मँचेस्टरचा हेन्री रॉइस, याच्यापुढे 1905-06च्या सुमारास नेमकं हेच संकट उभं राहिलं. रॉइसचा मूळ धंदा विजेच्या क्रेन आणि डायनॅमो बनवण्याचा. मोटारी विकणाऱ्या चार्ल्स रोल्सशी त्याची भेट झाली 4 मे 1904 रोजी, आणि पुढच्या वर्षी त्यांची सहा सिलिंडरची 30 हॉर्सपॉवरची गाडी आली. सहा सिलिंडरचा हट्ट कशासाठी? एका ओळीत सहा पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली सरकणारे दट्टे, नीट मांडले, तर त्यांचे वरखालीचे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात. चार सिलिंडरमध्ये असं होत नाही, थोडा धक्का शिल्लक उरतोच. श्रीमंत गिऱ्हाइकाला हवी होती ती मऊ, सलग चाल, आणि ती सहा सिलिंडरमध्येच होती.

पण त्यासाठी क्रँकशाफ्ट लांब करावा लागला. पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवण्यात बदलणारा हा दांडा. दोन माणसं धुतलेली गोधडी पिळतात ते आठवा. एकाने टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने मुरगळायचं. इंजिनात घट्ट धरणारा म्हणजे मागचं जड चाक, फ्लायव्हील. पुढच्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला, की दांड्याचं पुढचं टोक झटक्याने पुढे जातं, फ्लायव्हील तेवढ्या चपळाईने हलत नाही, आणि मधला दांडा पीळ खातो. केसभरच, पण खातो. मग स्प्रिंगसारखा उलगडतो, पुन्हा पिळतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. मिनिटाला 1200 फेरे धरले, तर सेकंदाला 60 झटके. हा ठेका दांड्याच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला, की पीळ वाढत जातो, पोलाद थकतं, बारीक चीर पडते आणि एक दिवस दांडा मोडतो. 30 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हाच त्रास होता.

रॉइसने गाजावाजा न करता इंजिन नव्याने मांडलं. लंडनमध्ये नोव्हेंबर 1906 मध्ये लोकांसमोर आलेल्या 40/50 हॉर्सपॉवरच्या गाडीत सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले होते, आणि क्रँकशाफ्टचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब होता. पुढचे तीन पिस्टन इंजिनाला जसं डोलवू पाहतात, त्याच्या बरोबर उलट मागचे तीन. सिलिंडरचा व्यास 114 मिलिमीटर, म्हणजे नुसत्या सहा भोकांचीच बेरीज 68 सेंटिमीटरच्या वर. एवढा लांब दांडा सात मुख्य बेअरिंगांवर तोलला होता आणि त्यांना दाबाने तेल पोचवलं जाई.

दांडा जाडही केला. जाडीचं गणित मला फार देखणं वाटतं. गोल दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. व्यास फक्त 20 टक्के वाढवला, की विरोध दुपटीहून जास्त. दांडा ताठ झाला, की त्याचा ठेका वर सरकतो, आणि सावकाश चालणारं इंजिन सहसा तिथवर पोचतच नाही.

उरलेल्या थरथरीवर रॉइसने पुढे एक छोटं चाक योजलं. ते दांड्याच्या पुढच्या टोकाला, घर्षणाने धरून ठेवलेलं. दांडा सलग फिरतो तेव्हा चाक मुकाट सोबत फिरतं. दांडा झटका खातो तेव्हा चाक आपल्या जडपणामुळे मागे राहतं, किंचित घसरतं, आणि त्या घसरण्यात थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्याच काळात फ्रेडरिक लँचेस्टर हा दुसरा इंग्रज इंजिनिअरही याच प्रश्नाशी झुंजत होता.

शांततेची किंमत रॉइसने ताकदीत मोजली. 7036 सीसीच्या या अवाढव्य इंजिनातून जेमतेम 48 हॉर्सपॉवर निघे; आजची 1200 सीसीची छोटी गाडी 80 देते. पण त्याने पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबायचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलं, साधारण 3.2 पट. आज ते 10च्या आसपास असतं. दाब कमी म्हणून प्रत्येक स्फोट सौम्य, आणि दांड्यावरचा झटकाही. मला हा व्यवहार चोख वाटतो.

यातली एक गाडी, एएक्स 201, चंदेरी रंगाची होती. तिलाच ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मिळालं. 1907 मध्ये ती चाचणीत 15,000 मैल धावली. नाइलाजाने थांबली ती एकदाच, पेट्रोलची तोटी हादऱ्याने बंद झाली म्हणून. नंतर तपासनिसांनी गाडी खोलली. झिजलेल्या भागांचा खर्च निघाला 2 पौंड 2 शिलिंग 7 पेन्स.

याच जातीची एक गाडी आपल्याकडेही आली. तिचं नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत ती सहा घाट चढून-उतरून 620 मैल धावली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. घाटात इंजिनाचे फेरे सारखे बदलत राहतात. एका वळणावर धिमे, पुढच्या चढावर वेगात. म्हणजे दांड्याचा नाजूक ठेका वाटेत कुठे असेल, तर तो पुन्हा पुन्हा गाठला जाणार. अशा चालीत न अडखळता परतणं हा क्रँकशाफ्टचा खरा कस होता.

आजच्या बहुतेक गाड्यांचं बॉनेट उघडून इंजिनाच्या टोकाशी पट्टा फिरवणारी पुली पाहिली, तर तिच्या आतल्या नि बाहेरच्या लोखंडी कड्यांमध्ये काळ्या रबराचा एक गोल दिसतो. घसरणाऱ्या चाकाच्या जागी रबर आलं, काम तेच. रबर म्हातारं होऊन भेगाळलं, की बाहेरचं कडं डुगडुगायला लागतं, आणि जाणता मेकॅनिक गाडी सुरू ठेवून आधी त्या पुलीकडे वाकून बघतो.