ब्रिटिश जीटी स्पर्धेसाठी भारतीय चालकांचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

ब्रिटनमधील जीटी स्पोर्ट्स कारची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजेच ब्रिटिश जीटी चॅम्पियनशिप, १९९३ पासून भरते आहे. आयोजन एसआरओ या संस्थेकडे आहे आणि परवाने देण्याचे काम मोटरस्पोर्ट यूके ही तिथली राष्ट्रीय संस्था पाहते. जीटी३ आणि जीटी४ असे दोन वर्ग, एका गाडीला दोन चालक, वसंत ऋतूत सुरू होऊन शरदात संपणारा हंगाम, आणि औल्टन पार्क, सिल्व्हरस्टोन, डॉनिंग्टन पार्क, स्नेटरटन, ब्रँड्स हॅच हे नेहमीचे ट्रॅक, एवढे कोणालाही सहज कळते. पुण्या-मुंबईहून जाणारा किंवा शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये राहणारा मराठी चालक अडखळतो तो या माहितीवर नव्हे. गाडी ठरलेली असते, टीमशी बोलणे झालेले असते, पहिला हप्ताही गेलेला असतो, आणि मग असा एखादा कागद मागितला जातो की ज्याचे नावच त्याने ऐकलेले नसते.

परवाना कोणत्या देशाचा?

जागतिक मोटर-क्रीडा महासंघाच्या म्हणजे एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंहितेनुसार प्रत्येक चालकाची एक मूळ संस्था असते आणि ती त्याच्या नागरिकत्वावरून ठरते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी ती एफएमएससीआय, म्हणजे चेन्नईत कार्यालय असलेली भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघ ही संस्था. कोव्हेंट्रीत घर असले, ब्रिटनचा रस्त्यावरचा गाडी चालवण्याचा परवाना खिशात असला आणि कर तिथेच भरला जात असला, तरी यात फरक पडत नाही. दुसऱ्या देशाच्या संस्थेकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेता येतो, परंतु तो मूळ संस्थेच्या पूर्वसंमतीने. ही संमती गृहीत धरून ब्रिटनमध्ये अर्ज करणारे आणि ‘मूळ संस्थेचे पत्र जोडा’ असा शेरा घेऊन परतणारे अर्जदार दरवर्षी दिसतात.

भारतीय परवान्यावरच ब्रिटनमध्ये उतरायचे असेल, तर दुसरा कागद लागतो. परदेशातील स्पर्धेत भाग घेण्यासाठी मूळ संस्थेची परवानगी आवश्यक असते आणि आपल्याकडे तिला बोलीभाषेत सरळ ‘एनओसी’ म्हणतात. पुष्कळांना वाटते की हातात आंतरराष्ट्रीय परवाना आला म्हणजे ही परवानगी त्यातच आली. तसे गृहीत धरू नये. पत्र स्वतंत्रपणे मागावे, त्यात स्पर्धेचे पूर्ण नाव, वर्ष आणि फेऱ्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात, आणि एका फेरीपुरते न मागता संपूर्ण हंगामाचे मागावे. एका फेरीचे पत्र घेऊन गेलेल्याला पुढच्या फेरीआधी तोच उद्योग पुन्हा करावा लागतो. त्यात भारतीय आणि ब्रिटिश घड्याळांत उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. तिथे दुपारी तीनला कोणी कागद मागितला, तर इथे साडेसात वाजलेले असतात आणि कार्यालयाला कुलूप लागलेले असते.

परवान्याची मुदत हेही एक फसवे प्रकरण आहे. परवाना सामान्यतः कॅलेंडर वर्षापुरता असतो आणि ३१ डिसेंबरला संपतो. तो मिळाल्या तारखेपासून बारा महिने चालत नाही. ऑक्टोबरात परवाना काढून ‘पुढच्या हंगामाचे काम झाले’ म्हणून निर्धास्त बसलेला चालक मार्चमध्ये धावपळ करताना दिसतो.

श्रेणी : गाडी कोणती, त्यावर परवाना कोणता

आंतरराष्ट्रीय परवान्याच्या ए, बी, सी, डी या श्रेणी गाडीचे वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराशी जोडलेल्या आहेत. एका अश्वशक्तीमागे तीन किलोपेक्षा जास्त वजन असेल तर डी श्रेणी पुरते. दोन ते तीन किलो असेल तर सी लागते. साधारण तेराशे किलोची आणि साडेपाचशे अश्वशक्तीच्या आसपासची जीटी३ गाडी या हिशेबाने सीमध्ये पडते, तर अधिक जड आणि कमी शक्तीची जीटी४ सहसा डीमध्ये. याखेरीज स्पर्धेच्या त्या वर्षीच्या नियमावलीत किमान परवाना दिलेला असतो आणि शेवटी तोच प्रमाण मानला जातो. ती नियमावली दरवर्षी नव्याने निघते. मित्राने पाठवलेली मागच्या वर्षीची प्रत वाचून अर्ज भरू नये.

वरची श्रेणी पैसे भरून मिळत नाही, आधीच्या शर्यतींची नोंद दाखवावी लागते. भारतातून जाणाऱ्याने चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवरील आपल्या शर्यतींचे अधिकृत निकाल जपून ठेवलेले असावेत. करंडकाबरोबरचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. ब्रिटनमध्येच नव्याने सुरुवात करणाऱ्याला एआरडीएस ही चाचणी द्यावी लागते: ट्रॅकवर प्रशिक्षकासोबत गाडी चालवणे आणि लेखी परीक्षा. लेखी परीक्षेत झेंड्यांविषयीचे सर्व प्रश्न बरोबर यावे लागतात, एकही चूक चालत नाही, आणि चांगले वेगवान चालक नेमके तिथेच नापास होतात, कारण त्यांना ही परीक्षा पोरखेळ वाटते. उत्तीर्ण झाल्यावर नवख्याच्या गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावावी लागते आणि अधिकाऱ्यांच्या ठरावीक सह्या जमा होईपर्यंत ती काढता येत नाही. तेव्हा यंदा चाचणी आणि यंदाच जीटी३, हे स्वप्न अर्ज भरण्यापूर्वीच बाजूला ठेवलेले बरे.

हौशी म्हणजे ब्राँझ नव्हे

सर्वांत जास्त गैरसमज आहे तो चालकाच्या वर्गवारीचा. एफआयए चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा चार वर्गांत बसवते आणि ब्रिटिश जीटीमध्ये कोणाबरोबर कोणाची जोडी लावता येईल, ती जोडी प्रो-ॲम (एक व्यावसायिक, एक हौशी) गटात धरली जाईल की सिल्व्हर गटात, हे सारे त्यावर अवलंबून असते. चालकाला वाटते, मी नोकरी करतो, शर्यत हा माझा छंद आहे, आजवर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही, म्हणजे मी ब्राँझ. टीमलाही तसेच वाटते. एका बाजूला अनुभवी व्यावसायिक आणि दुसऱ्या बाजूला हा, असा हिशेब मांडून सगळे आर्थिक गणित ठरते.

प्रत्यक्षात या वर्गवारीत पहिला परवाना मिळाला तेव्हाचे वय फार महत्त्वाचे असते. ब्राँझ हा मुख्यतः तिशी उलटल्यावर या खेळात आलेल्यांचा वर्ग आहे. चोवीस वर्षांचा अभियंता कितीही नवखा असला, तरी तो साधारणपणे सिल्व्हरमध्ये जातो. मग ठरलेली जोडी दुसऱ्याच गटात ढकलली जाते, सोबतचा चालक नाराज होतो, आणि कधीकधी टीम जागाच काढून घेते. नियम वाईट नाही, उगवत्या तरुण चालकाने हौशी म्हणून बक्षिसे लुटू नयेत एवढाच त्याचा हेतू आहे. पण ही गोष्ट टीमने पैसे घेण्याआधी सांगायला हवी आणि बहुतेक वेळा ती सांगितली जात नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी एफआयएच्या संकेतस्थळावर वर्गवारीचा अर्ज, मग टीमशी करार. अर्जाला शुल्क आहे, आणि निर्णय मान्य नसल्यास फेरविचाराची सोयही आहे. इथे लागणारा आणि कोणाकडेच नसणारा कागद म्हणजे आयुष्यातला पहिला परवाना. तो बहुधा जुन्या हेल्मेटच्या पिशवीत असतो किंवा नसतोच. नसेल तर ज्या संस्थेने दिला तिच्याकडून तारखेचा दाखला मागावा.

नावाचा घोळ

दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टमध्ये स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात. क्रीडा परवान्यावर फक्त नाव आणि आडनाव. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला चालकांच्या बाबतीत आणखी एक आवृत्ती. आपल्याला ही एकच व्यक्ती दिसते, तिथल्या लिपिकाला तीन दिसतात. परवाना, ना-हरकत पत्र, वैद्यकीय दाखला आणि वर्गवारीचा अर्ज या चारही ठिकाणी पासपोर्टमधले नाव अक्षरशः जसेच्या तसे असावे. हे अर्ज परत आल्यावर शिकण्यासारखे नाही, आधीच करून टाकावे.

व्हिसा

विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये असलेल्यांनी विशेष सावध राहावे. त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास मनाई आहे. स्वतःच्या खर्चाने हौस म्हणून शर्यतीत उतरणे आणि टीमकडून मानधन घेणे यांतली रेषा ओलांडली, तर अडचण शर्यतीची राहत नाही, शिक्षणाचीच होते. मानधनाचा कागद सही करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला दाखवावा. भारतातून येणाऱ्याला एखाद्या स्पर्धेपुरते पर्यटक-अभ्यागत व्हिसावर जाता येते, मात्र वर्षभर ये-जा करून तिथेच मुक्काम ठोकल्यासारखे दिसणे त्या व्हिसाच्या अटींत बसत नाही. व्यावसायिक म्हणून हंगाम खेळायचा असेल, तर खेळाडूंसाठीचा वेगळा व्हिसा आणि त्यासाठी तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची शिफारस लागते.

अलीकडच्या हंगामांत एक फेरी बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ येथे झालेली आहे. वेळापत्रकात स्पा असेल, तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा किंवा निवासी परवाना तिथे चालत नाही. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. ‘पंधरा दिवस’ हा आकडा वाचून अनेक जण तेवढ्याच बेताने निघतात आणि भेटीची तारीखच महिन्याभरानंतरची मिळते.

पैसे पाठवताना

निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. शर्यतीसारख्या कारणासाठी वर्षात दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने वसूल केलेला आगाऊ कर, कापला जातो. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण त्या घडीला रक्कम हातातून जातेच, आणि टीमचा हप्ता तेवढ्याने कमी पडतो. एखादी भारतीय कंपनी प्रायोजक असेल आणि परदेशातील क्रीडा-प्रायोजनाची रक्कम एक लाख डॉलरच्या वर जात असेल, तर परकीय चलन नियमांनुसार केंद्र सरकारच्या क्रीडा विभागाची पूर्वमंजुरी लागते. हे बँकेच्या शाखेत विचारल्यास बहुधा समोरचा कर्मचारीही चक्रावतो. परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या मोठ्या शाखेतच जावे.

उरलेले

वैद्यकीय तपासणी ठरावीक नमुन्यातच हवी. वय ४५ वा त्याहून अधिक असल्यास व्यायाम करताना काढलेला ईसीजी लागतो, साधा चालत नाही. हेल्मेट, मान सांभाळणारे हान्स उपकरण, सूट आणि आतले कपडे यांवर एफआयएचे मान्यता-चिन्ह असावे; दुचाकीचे आयएसआय हेल्मेट कितीही महाग असले तरी परत पाठवले जाते. गाडी टीमच्या किंवा कंपनीच्या नावाने उतरवायची असेल, तर चालकाच्या परवान्याखेरीज प्रवेशिका भरणाऱ्याचा म्हणजे ‘एंट्रंट’चा वेगळा परवाना लागतो आणि तो टीमकडे चालू वर्षाचा आहे ना, हे अर्जदाराने स्वतः पाहून घ्यावे. अठरा वर्षांखालील चालकासाठी पालकांची सही हवी. शर्यतीच्या ठिकाणी नोंदणीच्या टेबलावर मूळ परवाना आणि मूळ पत्र जवळ ठेवावे, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नये.