रॅपर तिशीतच संपतो का?

‘रॅपर तिशीत संपतो, हिप-हॉपचा बाजार केव्हाच बसलाय’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. (रॅप म्हणजे तालावर शब्द म्हणणं, आणि हिप-हॉप म्हणजे ते ज्यात येतं तो संगीतप्रकार.) तो पटतो, कारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीतून गेलेलं नाव आपल्याला संपल्यासारखं वाटतं.

आधी बाजार. अमेरिकेत २००० नंतर सीडींचा खप घसरला, पण तो सगळ्याच संगीताचा. लोक स्ट्रीमिंगकडे वळले आणि २०१७ मध्ये आर-अँड-बी (रिदम अँड ब्लूज हा संगीतप्रकार) व हिप-हॉप मिळून तिथला सर्वाधिक ऐकला जाणारा प्रकार ठरला.

आता वय, आणि मला हाच मुद्दा मोलाचा वाटतो. हिप-हॉप ही कला १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मली. मग १९९० साली साठीतला रॅपर सापडणार तरी कुठून? तेव्हा विशीत असलेले आज पन्नाशी ओलांडलेत आणि त्यांतले कित्येक अजून दौरे करतात.

एका गाण्यानंतर विसरले गेलेलेही पुष्कळ आहेत. ते रॉकमध्येही घडतं. पडताळायचं तर १९९५ च्या रॅप आणि रॉकच्या वार्षिक याद्यांतली पहिली वीस-वीस नावं उतरवा, प्रत्येकापुढे पहिल्या व ताज्या अल्बमचं साल लिहा. आठवतील तीच नावं मात्र घेऊ नका. स्मरणात टिकलेलेच राहतात, त्यामुळे हिशेब चुकतो.